रस्त्याच्या मधोमध विसावा

"रथ आत येत नाही म्हणतोय," श्रीरंग फोन कानाला लावूनच अंगणात आला. "कोपऱ्यावर अडकलाय. अख्खी गल्ली गाड्यांनी भरलीय."

"कुणाच्या गाड्या?" मी विचारलं.

"कुणाच्या म्हणजे काय ताई? दादांच्या मयताला आलेल्या लोकांच्या!"

मला हसू फुटलं. समोर अंगणात वडील तिरडीवर बांधलेले, रडून रडून माझे डोळे सुजलेले, आणि मी फिस्सकन हसले. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. कुणीतरी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. अहो, परिणाम कसला? आमचं आंबेनेर केवढं, तर या टोकाला शिंकलं की त्या टोकाला ऐकू जाईल. आणि मागच्या आळीतला माणूससुद्धा मयताला गाडी काढून आला होता. आला तो आला, वर जाणाऱ्याचीच वाट अडवून बसला.

श्रीरंग माझा धाकटा भाऊ. बायपासला त्याची मोटारींची एजन्सी होती, अजूनही आहे. गावातल्या निम्म्या गाड्या त्यानंच विकलेल्या. म्हणजे बघायला गेलं तर ती कोंडीसुद्धा घरचीच होती.

आणि मी सायकलवाली. एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त गोळा करायचं माझं काम. लग्न झालं नाही, म्हणजे मी केलं नाही, आईदादांजवळ राहिले. सकाळी उपाशीपोटी लोक माझी वाट बघत बसलेले असायचे आणि दारात सायकल लावली की सुरू व्हायचे. "रत्नाताई, अजून सायकलच का? श्रीरंगशेठ बहिणीला एक गाडी देत नाहीत होय?" हे म्हणणाऱ्याची साखर आभाळाला टेकलेली. कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायची तरी बुलेट काढणार, आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून घरात चालायचं मशीन आणून त्याच्यावर टॉवेल वाळत घालणार. मी म्हणायचे, मूठ आवळा. सुई समोर दिसली की माणूस फार वाद घालत नाही.

पण गंमत सोडा, तेव्हा मी वैतागले होते. बँकेसमोर सायकल लावली की वॉचमन हाकलायचा, "मॅडम, इथे गाड्या लागतात." मग माझी काय म्हैस होती? फुटपाथवर गाड्या. सावलीची झाडं होती ती रस्ता रुंद करताना गेली. एसटी स्टँड गावातून उचलून बायपासला नेलं, म्हणजे एसटी पकडायची तर आधी रिक्षा करा. गाडी नसलेल्या माणसानं गावात राहू नये असं कुणी बोललं नाही, पण रोज पावलोपावली ऐकवलं.

दादा त्याच एसटीत कंट्रोलर होते. नोकरीभर स्टँडवरच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारल्या. माइकवर आवाज असा की भाजी घेणाऱ्या बायकासुद्धा वळून बघायच्या. आणि खिडकीबाहेर आले की गरीब गाय. घरात कुणाला हाक मारायची तरी उठून जवळ जाऊन मारणार, म्हणे उगीच शेजाऱ्यांना त्रास. रस्त्यात समोरून कुणीही येवो, दादा आधी बाजूला होणार. आयुष्यभर एकही गाडी घेतली नाही. रिटायर झाल्यावर एकच उद्योग मांडला. आमचा आणि शेजारच्या चार घरांचा ओला कचरा बादलीत घ्यायचा, रस्त्यापलीकडे ओढ्याकाठी आमचा भाजीचा वाफा होता, तिथे खड्ड्यात खत करायचं, आणि येताना त्याच बादलीतून भेंडी, दोडकी आणून त्याच चार घरी वाटायची. लोकांनी नावच ठेवलं होतं, बादलीवाले दादा. "अहो, कचरागाडी दारात येते की!" म्हणायचे. दादा हसायचे आणि बाजूला व्हायचे.

मग तो रस्ता चौपदरी झाला. मधे कमरेइतका उंच काँक्रीटचा दुभाजक, सलग. समोर दिसणाऱ्या ओढ्यावर जायचं तर पार पेट्रोल पंपापर्यंत जा, तिथून वळा, आणि पलीकडच्या कडेनं तेवढंच परत या. गाडीला काहीच नाही ते. पायी माणसाचा उन्हात जीव जातो. मी रस्त्याच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेले, चालणाऱ्यांसाठी एक फट ठेवा म्हणून. साहेब चांगला हसतमुख होता. म्हणाला, "मॅडम, गाडीनं यायचं ना."

दादांनी कुणाकडे तक्रार केली नाही. ते दुभाजक चढून जायला लागले. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, आधी बादली पलीकडे ठेवायची, मग पोटावर आडवं होऊन एक पाय टाकायचा. मी ओरडायचे, आई ओरडायची. ते म्हणायचे, "गाड्या नसतात गं तेव्हा." आणि एका सकाळी वरून घसरले. खुबा मोडला. कुठल्या गाडीनं उडवलं नाही हो त्यांना. उलट ते रस्त्यात पडलेले असताना गाड्यांनी हॉर्न वाजवले, बाजूला व्हा म्हणून. आणि दादा झाले बाजूला. मोडक्या खुब्यानं सरपटत सरपटत दुभाजकाला चिकटून बसले, लोकांचा खोळंबा नको म्हणून. त्यानंतर खाटेवरून उठले नाहीत. दिवाळीच्या आत गेले.

तर रथ कोपऱ्यावर अडकला होता. रथ म्हणजे वैकुंठरथ, पांढरी गाडी, वर भोंगा आणि आत भजनाची टेप. दुभाजक झाल्यापासून आमच्याकडची सगळी मयतं त्यातूनच जायची, कारण स्मशानही रस्त्यापलीकडे, ओढ्याच्या अंगाला.

"थांबू थोडं," श्रीरंग म्हणाला. "मी एकेकाला फोन करून गाड्या काढायला सांगतो."

"नको," मी म्हणाले. "रथ राहू दे तिथेच. दादांनी सांगितलं होतं, मला खांद्यावरून न्या. गाडीत घालू नका."

"कधी सांगितलं?"

"खाटेवर होते तेव्हा."

"मला नाही बोलले कधी."

"तू होतास कुठे?"

हे त्याला लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "ताई, रस्ता आहे मधे! ट्रक कसे जातात बघतेस ना रोज? तिरडी घेऊन माणसं त्यात घालू? उद्या आणखी कुणी मेलं तर?" तो घाबरला होता, आणि खोटं काही बोलत नव्हता. मग एकदम आईकडे वळला. "आई, तू सांग. दादा असं म्हणाले होते?"

आई दादांच्या पायाशी बसली होती, एक हात त्यांच्या घोट्यावर. सकाळपासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मीच नजर दादांकडे वळवली. 

"हो," आई म्हणाली. "खांद्यावरून न्या म्हणाले."

बन्सीकाका, म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, पुढे झाले. घरातल्या सगळ्या कार्याचं आणि सुतकाचं शास्त्र त्यांच्याकडे. "शेवटची इच्छा म्हटल्यावर संपलं," ते म्हणाले. "पण दुभाजकाचं काय करायचं?"

"असं करू," श्रीरंग म्हणाला, "कोपऱ्यापर्यंत खांद्यावर नेऊ. तिथे रथात ठेवू. दादांचीही इच्छा राहील आणि कामही होईल."

सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्या गावाला असा तोडगा भारी आवडतो, कुणालाच काही करावं लागत नाही. मी उठले, ओढणी कमरेला बांधली आणि तिरडीच्या पुढच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"रत्ने," बन्सीकाका दबक्या आवाजात म्हणाले, "बायका खांदा देत नाहीत गं."

"काका, खुबा मोडल्यावर त्यांना उचलून बसवायला कोण होतं? भांडं कोण देत होतं? तेव्हा कुणी मला बाई म्हणून बाजूला केलं नाही."

काका मागे सरले. शेजारचे तिघे उरलेल्या बाजूंना आले. श्रीरंगनं विस्तवाचं मडकं हातात घेतलं, रामनाम सुरू झालं आणि आम्ही निघालो.

काय सांगू त्या गल्लीतलं चालणं! दोन्ही बाजूंना गाड्या, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. कुणाचा आरसा मिट, कुणाच्या बॉनेटवर हात टेक, तिरडी एकदा इकडे कल, एकदा तिकडे. मागून कुणीतरी ओरडलं, "सावकाश, नवीन गाडी आहे!" मी मागे बघितलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं. पण मयतात मागे बघायचं नसतं, म्हणून वाचला.

कोपऱ्यावर आलो. डावीकडे रथ, मागचं दार उघडं, ड्रायव्हर विडी विझवत उभा. समोर हमरस्ता. श्रीरंग मडकं घेऊन डावीकडे वळला. अग्नी जिकडे, तिरडी तिकडे, हा नियम. लहान पोरालाही माहीत असतो.

मी सरळ निघाले.

"रत्नाताई!" माझ्या बाजूचा शेजारी दचकून म्हणाला. "रथ तिकडे आहे."

"दादा रोज सरळच जायचे," मी म्हणाले. "चला."

तिरडी काही दोन दिशांना ओढता येत नाही. तो मुकाट्यानं माझ्याबरोबर आला, मागचे दोघे त्याच्याबरोबर. आणि मग बन्सीकाकांचं लक्ष गेलं. ते असे किंचाळले की भजनाच्या टेपचाही आवाज ऐकू येईना. "अरे श्रीरंगा! अग्नी मागे राहतोय! पळ, पुढे हो! काय अभद्र करताय!"

आणि माझा भाऊ, आंबेनेरचा मोठा गाडीवाला, ओला पंचा सावरत, धुराचं मडकं हातात झुलवत, आमच्या पुढे यायला धावला. पायात काही नाही, डोळ्यांत धूर. "ताई, वेड लागलंय का तुला?"

"पुढे बघून चाल," मी म्हणाले. "आणि थांबू नकोस, आता थांबलास तर खरंच मरू."

भीती मलाही वाटत होती.  डाव्या खांद्यावर बाप, उजवा हात वर, आणि समोरून एक भली मोठी गाडी येताना दिसत होती. पण तिरडी दिसली आणि ती गाडी थांबली. तिच्यामागची थांबली. शेजारच्या पट्ट्यातला टेम्पो थांबला. आमच्या देशात माणूस कशालाही थांबत नाही, पण तिरडीला थांबतो. आम्ही दुभाजकाला जाऊन भिडलो.

"टेकवा," मी म्हणाले.

"इथे?" श्रीरंग ओरडला. "रस्त्याच्या मधोमध?"

आम्ही तिरडी खाली ठेवली. बन्सीकाका मागून धापा टाकत आले, मला शिव्या घालायला तोंड उघडलं, आणि तसेच थबकले. त्यांनी इकडे बघितलं, गल्लीच्या तोंडाकडे. तिकडे बघितलं, ओढ्याच्या पुलाकडे. मग वाकून रस्त्याला हात लावला.

"अरे," ते म्हणाले, "ही तर विसाव्याची जागा."

स्मशानाच्या वाटेवर आमच्याकडे एक विसावा असतो. तिथे तिरडी टेकवायची, पाणी शिंपडायचं, दोन क्षण गेलेल्या माणसाला घरच्या बाजूला थांबू द्यायचं, पुढचे खांदेकरी मागे आणि मागचे पुढे, दमलेल्यांच्या जागी ताजे. मगच पुढची वाट. आंबेनेरचा विसावा म्हणजे चिंचेखालचा दगडी पार होता. चिंच गेली, पार गेला, तिथे हा दुभाजक आला. त्यानंतर रथाचा ड्रायव्हर त्या जागेवर गाडी जराशी हळू करायचा आणि कुणीतरी खिडकीतून पाणी शिंपडायचं. झाला विसावा.

"तुझ्या काकूला विसावा मिळाला नाही," बन्सीकाका म्हणाले. काकू मागच्याच उन्हाळ्यात गेली होती. "ड्रायव्हर म्हणाला, मागून गाड्या येतायत. मीही बरं म्हणालो." आणि ते चक्क दुभाजकाला टेकून खाली बसले, भर रस्त्यात, मांडी घालून. "आता कुणी घाई करायची नाही. शास्त्राप्रमाणे होईल सगळं."

मागे गाड्यांची रांग लांबत गेली. आणि एकही हॉर्न वाजेना. माणसं काचा खाली करून हात जोडत होती. ते बघून माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी दुभाजकावर हात आपटून ओरडले, "आता हात जोडता? इथेच पडला होता हा माणूस! याच जागेवर! तेव्हा हॉर्न वाजवलेत! जिवंतपणी थांबला असतात तर काय बिघडलं असतं तुमचं?"

जोडलेले हात खाली गेले. 

गाड्यांच्या मधून वाट काढत मोटरसायकलवर हवालदार आले. "ताई, काय चाललंय? रस्ता मोकळा करा."

"विसावा चालू आहे."

"परवानगी घेतलीय का?"

"कशाची? मरायची की टेकायची?"

टेम्पोतलं कुणीतरी हसलं. हवालदारांनाही हसू आलं असावं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. टोपी काढून काखेत घेतली, दादांना नमस्कार केला आणि मग म्हणाले, "बरं, आता उचला तरी लवकर."

"खांदेकरी बदलल्याशिवाय उचलता येत नाही," बन्सीकाका खालूनच म्हणाले. "आणि माणसं कुठायत? आमची माणसं कोपऱ्यावरूनच मागे फिरली आणि गाड्या घेऊन पंपाकडून वळून स्मशानात गेली."

"मग या गाड्यांमधली माणसं उतरवा," मी हवालदारांना म्हटलं. "खांद्याला नाही म्हणायचं नसतं."

पण पलीकडच्या बाजूच्या गाड्या अजून सुसाट चालल्या होत्या. त्यांना अलीकडचं काही देणंघेणं नव्हतं. मी दुभाजकावर चढले, पलीकडे उतरले आणि दोन्ही हात पसरून उभी राहिले. सिमेंटचा ट्रक होता. त्याचे ब्रेक असे किंचाळले की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा ड्रायव्हर खाली उतरत होता. मला वाटलं, आता हा कानफटात देणार.

"मावशी, कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"वडील."

त्यानं चपला काढल्या, ट्रकच्या पायरीवर ठेवल्या, आणि दुभाजकाशी जाऊन हात वर करून उभा राहिला. "द्या इकडे," म्हणाला.

मग दारं उघडल्याचे आवाज यायला लागले. एकेक करून माणसं उतरली. कुणी इस्त्रीच्या कपड्यातलं, कुणी गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेलं, एक तर श्रीरंगचंच गिऱ्हाईक, पेढे घेऊन नव्या गाडीची पूजा करायला निघालेलं. अलीकडच्यांनी तिरडी उचलून छातीपर्यंत आणली. पण अग्नी आधी जायला हवा होता.

श्रीरंग दुभाजकाशी उभा होता, हातात मडकं. त्याला कळेना चढायचं कसं. शेवटी त्यानं मडकं वरच्या कडेवर ठेवलं, पोटावर आडवा झाला आणि एक पाय पलीकडे टाकला. तसाच अडकला. पंचा काँक्रीटला घासला, गुडघा सोलला, आणि पाय टेकायला खाली काही लागेना. मी पलीकडून त्याचा हात धरला. तो तिथे वरच थांबला, माझ्याकडे बघत.

"दादा रोज असे चढायचे?" त्यानं विचारलं.

"रोज."

"बादली घेऊन?"

"हो."

तो उतरला, मडकं उचललं आणि पुढे चालायला लागला. खांदे हलत होते त्याचे. त्याच्यामागून दादा माणसांच्या हातांवरून दुभाजकापलीकडे आले, आडवे, सावकाश, कुठेही न आपटता. ट्रकवाल्यानं माझ्या शेजारी खांदा दिला आणि स्मशानापर्यंत सोडला नाही. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

त्या दिवशी रस्ता किती वेळ बंद होता म्हणून गावात बरीच बोंबाबोंब झाली. "बाईनं तमाशा केला," असं तोंडावर म्हणणारेही भेटले. म्हटलं, केला, आणि परत करीन. पण बन्सीकाका पेटले होते. त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं की विसाव्याशिवाय गेलेल्याला गती नाही. झालं! त्यानंतर त्या वर्षात आंबेनेरमध्ये जो गेला तो खांद्यावरून गेला आणि त्याच जागी टेकला. हमरस्ता परत परत थांबायला लागला. शेवटी एके दिवशी रस्तेवाले मशीन घेऊन आले आणि त्यांनी तिथला दुभाजक कापला. दोन माणसं शेजारी शेजारी जातील एवढी वाट केली, पांढरे पट्टे मारले. जिवंत माणसानं अर्ज करून जे मिळालं नाही ते मेलेल्यांनी न बोलता मिळवलं.

कुणी विचारील, मग गाव सुधारलं का? छे! श्रीरंग अजून गाड्या विकतो. मी अजून सायकलवर हिंडते आणि लोक अजून तेच विचारतात. बँकेचा वॉचमन बदलला, नवा जुन्यापेक्षा खवट आहे.

वाट झाली त्याच आठवड्यातली गोष्ट. आई संध्याकाळी म्हणाली, "चल, पलीकडे जाऊन येऊ." रस्ता चौपदरी झाल्यापासून ती पायी पलीकडे गेली नव्हती. कुठे जायचं तर श्रीरंगची गाडी येईपर्यंत दारात बसून राहायची.

"पलीकडे काय काम आहे?" मी विचारलं.

"काम असायलाच लागतं का?"

आम्ही रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिलो. पांढरे पट्टे समोर होते, पण गाड्यांना ते दिसत नव्हते. एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. इतके दिवस मनात अडकलेलं मी तिथे विचारून टाकलं.

"आई, त्या दिवशी तू खोटं का बोललीस?"

"तू का बोललीस?"

 दादा खाटेवर असताना आम्ही दोघी तिथे होतो, आणि त्यांनी काय सांगितलं ते दोघींनी ऐकलं होतं. "मला गाडीतूनच न्या," म्हणाले होते. "रस्त्यात नेऊ नका. लोकांचा खोळंबा होतो." शेवटचं मागणं तेवढंच.

"मला राग आला होता," मी म्हणाले. "मेल्यावरही बाजूलाच व्हायचं का त्यांनी?"

आई समोर बघत होती. "सगळा जन्म मी त्यांचं ऐकलं गं," ती म्हणाली. "ते बाजूला झाले की त्यांच्यामागे मीही बाजूला. नुसतं बाजूला, बाजूला. त्या दिवशी म्हटलं, आता नाही ऐकणार."

आणि तिनं पाऊल टाकलं. मला न विचारता, इकडेतिकडे न बघता, हात वर करून. मी "आई!" म्हणून ओरडत तिच्यामागे धावले. एक गाडी कचकन थांबली, तिच्यामागची थांबली. आई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, डोक्यावरचा पदर सरकला होता तो निवांत नीट केला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला.

"वाजव," आई त्याच्याकडे बघून म्हणाली, आणि सावकाश चालू लागली.